रोडीझिओला जाताय? आधी ‘नको’ म्हणायला शिका

डॅलसला नवीन आलेल्या मराठी माणसाला ऑफिसवाले कधी ना कधी टीम डिनरला ब्राझिलियन स्टेकहाउसमध्ये नेतातच, आणि त्यात नवल नाही, कारण हा प्रकार अमेरिकेत गाजला तो याच भागातून. फोगो दे शाँव 1979 साली दक्षिण ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेला सुरू झालं, 1997 मध्ये त्यांनी अमेरिकेतलं पहिलं हॉटेल डॅलसला लागून असलेल्या ॲडिसनला उघडलं, आणि पुढच्याच वर्षी टेक्सास दे ब्राझीलनेही तिथेच बस्तान बसवलं. माझं कामानिमित्त साओ पाउलोला जाणं-येणं असतं त्यामुळे दोन्हीकडचं खाऊन झालंय, आणि इथे नवीन आलेले लोक दर वेळी तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मूळ जागा ब्राझील, म्हणून तिथलं आधी, अमेरिकेत जिथं फरक पडतो तिथं सांगत जाईन.

प्रकार नेमका काय ते आधी. एक ठरलेली किंमत, त्यात मांस हवं तेवढं, आणि ते आणायला तुम्ही उठायचं नाही. लोखंडी सळईला लावून भाजलेले मोठमोठे तुकडे घेऊन माणसं टेबलाटेबलाला फिरतात आणि तुमच्यासमोर कापून वाढतात. या पद्धतीला रोडीझिओ म्हणतात (ब्राझीलमध्ये कानावर येतं ते होजीझिओसारखं), हॉटेलला शुहास्कारिया, सळई घेऊन फिरणाऱ्याला पासादोर. म्हणजे आपली पंगतच की, वाढपी येतच राहतात, आग्रह होतच राहतो, फक्त पंगतीत जिलबी येणार आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं म्हणून आपण पोटात जागा ठेवतो, आणि इथं पुढं काय येणार ते माहीत नसतं म्हणून माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सॉसेज आणि चिकन हादडून बसतो, आणि खरा माल येतो तेव्हा पट्टा सैल करायची वेळ आलेली असते. हे कसं टाळायचं, एवढंच सांगायचंय मला.

कुठं जायचं

ब्राझीलमध्ये ‘शुहास्कारिया’ अशी पाटी दिसली म्हणजे आत रोडीझिओच असेल असं नाही. काही ठिकाणी मेन्यूतून एकच कट, म्हणजे जनावराच्या एका ठरावीक भागाचं मांस, मागवायचा असतो, तो गरम तव्यावर किंवा लाकडी पाटावर येतो आणि एका डिशमध्ये दोघांचं आरामात होतं. दक्षिणेत, म्हणजे हियो ग्रांजी दो सूल राज्यात, रोडीझिओलाच एस्पेतो कोहीदो म्हणतात, तेव्हा ते नाव बघून परत फिरू नका. हे राज्य म्हणजे या सगळ्याचं माहेर. उरुग्वे-आर्जेंटिनाला लागून असलेली गवताळ मैदानं, तिथले गाउशो म्हणजे घोड्यावरचे गुराखी, आणि त्यांची उघड्या आगीजवळ सळईला मांस लावून नुसत्या जाड्या मिठावर भाजायची रीत. 2003 मध्ये तर राज्याने कायदा करून शुहास्को (म्हणजे हे असं भाजलेलं मांस) हा राज्याचा खास पदार्थ आणि शिमाहाँव हे राज्याचं पेय म्हणून जाहीर केलं. शिमाहाँव म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यातून धातूच्या नळीने प्यायचा तो ‘माते’ नावाच्या झाडाच्या पानांचा कडू हिरवा चहा, हॉटेलात कोणी देऊ केला तर एक घोट घेऊन बघा, दुसरा घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्हाला लगेच कळेल.

तिसरा प्रकार आहे पोर किलू, आणि तो आपल्या लोकांनी जरूर लक्षात ठेवावा. बफेतून हवं ते ताटात घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, वजनावर पैसे. बऱ्याच पोर किलू ठिकाणी कोपऱ्यात भट्टी असते, तिथला माणूस सांगाल तो तुकडा कापून देतो. कमी खाणारी माणसं, म्हातारे आईवडील बरोबर असतील, किंवा चौघांतले दोघे शाकाहारी असतील तर रोडीझिओचे पैसे भरण्यापेक्षा इथं जा, चव बऱ्याचदा तशीच मिळते आणि अर्ध्या तासात मोकळे.

पैशाचं म्हणाल तर साओ पाउलो किंवा रिओच्या मोठ्या नावाच्या ठिकाणी माणशी 200 रियाईसच्या (रियाईस म्हणजे ब्राझीलचं चलन) आसपास किंवा वरच धरून चाला, गल्लीतल्या साध्या रोडीझिओत बरंच कमी. अमेरिकेत मोठ्या चेनमध्ये रात्रीचं साधारण 50 ते 75 डॉलर, शहराप्रमाणे कमीजास्त, आणि दुपारी तेच बरंच स्वस्त. या आकड्यात ड्रिंक्स, गोड, टॅक्स, टिप काहीच नसतं हे विसरू नका, बिल बघून तोंड वाकडं होतं ते इथंच.

कधी जायचं आणि किती भुकेलेलं जायचं

ब्राझीलमध्ये शुहास्कारियाची खरी वेळ म्हणजे रविवारची दुपार. आजी, नातवंडं, मावश्या, सगळं खटलं येतं आणि दुपारी साडेबारा ते चार हॉल गच्च भरलेला असतो. गर्दी म्हणून घाबरू नका, उलट गर्दीतच जा, कारण सळया भराभर रिकाम्या होतात आणि भट्टीवरून ताजं येत राहतं. मंगळवारी रात्री साडेदहाला रिकाम्या हॉलमध्ये गेलात तर तोच तुकडा चौथ्यांदा गरम होऊन तुमच्यापुढे येणार. अमेरिकेतही हाच नियम, फक्त तिथं शुक्रवार-शनिवारी रात्री बुकिंगशिवाय जाऊ नका आणि मदर्स डेच्या आसपास तर नावही काढू नका. पहिल्यांदा जाताय आणि स्वतःच्या खिशातून जाताय तर दुपारी जा. रात्री दोनतीन महागडे प्रकार जास्त असतात, लॅम्ब चॉप्स वगैरे, पण मुख्य गोष्ट म्हणजे पिकान्या, बीफचा तो चरबीच्या थराचा कट, ती बहुतेक ठिकाणी दुपारीही असते. तरी फोन करून विचारून घ्या.

आणि ते ‘सकाळपासून काही खाल्लं नाही, आज वसूल करणार’ हे प्लीज करू नका. उपाशी पोटी गेलेला माणूस सगळ्यात आधी समोर दिसेल ते खातो, आणि समोर सगळ्यात आधी येतो तो ब्रेड. सकाळी पोहे-बिहे हलकं काहीतरी खाऊन जा. वसुली किलोत होत नसते, काय खाल्लं यात होते.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं

टेबलावर प्रत्येकापुढे एक चकती असते, एक बाजू हिरवी, एक लाल. हिरवी वर म्हणजे आणा, लाल वर म्हणजे थांबा. ब्राझीलमधल्या जुन्या साध्या ठिकाणी चकती नसतेही, तिथं तोंडानेच सांगायचं. बसल्याबसल्या चकती लालच ठेवा. कारण हिरवी दिसली की तीन मिनिटांत पाच जण येऊन उभे राहतात, आणि ताटात पाच प्रकार थंड होत पडतात. भाजलेलं मांस थंड झालं की चरबी गोठते आणि मजा गेली. चकती शोभेला नसते, सारखी उलटसुलट करायला असते, कोणाला काही वाटत नाही.

पण एक खरं सांगतो, चकतीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. घाईत असलेला पासादोर लाल दिसत असली तरी येऊन ‘पिकान्या?’ विचारतोच, आणि आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. इथं नाही म्हटलं तर कोणाचा अपमान होत नाही. हसून ‘नाँव, ओब्रिगादू’ म्हणायचं (बायकांनी ओब्रिगादा), किंवा ‘माइस तार्जी’ म्हणजे नंतर. तो पुढच्या टेबलाला जातो आणि दहा मिनिटांत परत येतो. परत येतो हेच महत्त्वाचं, या हॉटेलात कुठलीच गोष्ट एकदाच येत नाही.

मग वेटरला, म्हणजे ड्रिंक्सची ऑर्डर घेणाऱ्याला, पासादोरला नाही, दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, तुम्ही काय खात नाही. दोन, तुम्हाला काय हवंय आणि कसं भाजलेलं हवंय. ‘पिकान्या, जरा कमी भाजलेली, आली की इकडे पाठव’ असं सांगितलं की तो आत निरोप देतो. बरेच लोक आपल्या नशिबात येईल तेव्हा येईल म्हणून बसून राहतात, तसं करायची काही गरज नाही.

प्यायला काय? काइपिरिन्या एकदा तरी घ्या. काशासा म्हणजे उसाच्या ताज्या रसापासून काढलेली दारू, त्यात हिरवं लिंबू साखरेबरोबर चेचून आणि बर्फ. गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नका, ब्राझीलच्या नियमाप्रमाणे काशासात 38 ते 48 टक्के अल्कोहोल असतं आणि पहिला ग्लास संपेपर्यंत काहीच जाणवत नाही. ब्राझीलमध्ये काही ठिकाणी लिंबाऐवजी काजूच्या बोंडाची पण मिळते, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाने ती मागवलीच पाहिजे, काजू आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहूनच. दारू नको असेल तर ग्वाराना, ॲमेझॉनमधल्या फळाचं थंड पेय, त्यात कॅफीन असतं. पाणी मागताना ‘सें गास’ म्हणा नाहीतर सोडा येईल. बिअर मात्र मी टाळतो, पोट फुगतं.

सॅलड बार

इथं लोकांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतात तिकडे फिरकूच नका, पोट भरायचा सापळा आहे. दुसरे ताटभरून बटाट्याचं सॅलड, पास्ता आणि सुशी घेऊन येतात (हो, साओ पाउलोत मोठ्या शुहास्कारियात सुशी सर्रास असते, तिथं जपानी वंशाचे लोक खूप आहेत). मला दोन्ही पटत नाही. नुसतं मांस आणि मीठ खात राहिलं की चारपाच तुकड्यांनंतर जीभ थकते, त्यामुळे आंबट आणि कच्चं काहीतरी ताटात पाहिजेच. आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारा, मग छोट्या प्लेटमध्ये थोडंच घ्या. पालमितू म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाचा आतला कोवळा गाभा, पांढरा, मऊ, किंचित आंबट, आपल्याकडे सहज मिळत नाही म्हणून तो घ्या. थोडी रुकोला किंवा कुठलीही कडवट पानं. एखादा चीजचा तुकडा. बस. पास्ता, भात, मेयोनीजमधलं सगळं सोडून द्या.

न मागताच टेबलावर येतात त्या गोष्टी वेगळ्या. पाँव दे केजू, छोटे गोल चीजचे पाव, गरम असताना आवरत नाहीत. ते गव्हाचे नसतात, कसाव्याच्या पिठीचे असतात, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्याच स्टार्चचे, त्यामुळे ग्लुटेन नको असणाऱ्यांनाही चालतात, पण चीज आणि अंडं असतं, उपासाला धरू नका. दोन खा आणि टोपली समोरच्याकडे सरकवा. तळलेली केळी येतात, ती तोंडाची चव बदलायला असतात, गोड म्हणून शेवटी ठेवू नका, मध्येच खा. तळलेली पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वड्या, येते, ती मी घेत नाही.

फारोफाला बरेच लोक हातही लावत नाहीत कारण दिसायला लाकडाच्या भुशासारखी दिसते आणि नुसती खाल्ली तर घशात अडकते. कसाव्याचं भरड पीठ लोण्यात भाजलेलं असतं. ती नुसती खायची नसतेच. मांसाचा रसरशीत तुकडा तिच्यात घोळवायचा, ती रस आणि चरबी शोषून घेते आणि खरपूस लागते. त्याच्या शेजारी विनाग्रेची म्हणजे टोमॅटो, कांदा, सिमला मिरची बारीक चिरून व्हिनेगर आणि तेलात. हे दोन ताटात कायम ठेवा. मिरचीचं तिखट तेल मागितलं तर देतात, ‘पिमेंता’ म्हणायचं. आपल्या जिभेला लागतंच ते.

आता सळया

साधारण क्रम असा दिसतो की आधी लिंग्विसा म्हणजे डुकराची सॉसेज, चिकनच्या तंगड्या, बेकनमध्ये गुंडाळलेलं चिकन, चिकनची काळजं, असं स्वस्त आणि लवकर होणारं येतं, मग पोर्क, आणि मोठे बीफचे कट भट्टीवर वेळ घेतात म्हणून मागून. सगळीकडे असंच असतं असं नाही पण पहिल्या फेरीत भरून घेऊ नका हे सगळीकडे लागू. त्यातलं काळीज मात्र सोडू नका. कोरासाँव, बोटाच्या पेराएवढी चिकनची हृदयं, सळईवर दाटीने ओवलेली, लसूण-मीठ लावलेली. आपल्याकडे कोंबडीची कलेजी-पेटा आवडीने खाणारी माणसं आहेत, त्यांना ती आवडतातच. तीनचार पुरे.

पिकान्या. हिच्यासाठीच यायचं. जनावराच्या मागच्या भागातला, पुठ्ठ्याच्या वरचा त्रिकोणी स्नायू, त्याच्या एका बाजूला बोटभर जाड चरबीचा थर. पूर्ण तुकडा साधारण एक-सव्वा किलोचाच असतो, खाटीक त्याहून बराच मोठा देत असेल तर शेजारचा चिवट भागही त्यात आलाय असं तिथले लोक सरळ म्हणतात. तिचे तीनचार जाड काप करतात, प्रत्येक काप चरबी बाहेर ठेवून अर्धगोल वाकवून सळईत घालतात, त्यामुळे लांबून बघितलं तरी त्या सी आकारावरून पिकान्या ओळखू येते. वर फक्त जाडं मीठ. मसाला, मॅरिनेड काही नाही. काही ठिकाणी लसणाची पिकान्या वेगळी फिरवतात, तीही चांगली असते, पण आधी साधी खा.

ती टेबलाला येते तेव्हा काय होतं ते नीट बघा, कारण तिथंच सगळी मेख आहे. पासादोर सळईचं टोक एका छोट्या धातूच्या ताटलीत टेकवतो, सुरीच्या पाठीने टकटक करून वरचं जास्तीचं मीठ झाडतो, आणि वरून खाली पातळ काप सोडवायला लागतो. तुमच्या ताटाशेजारी एक छोटा चिमटा ठेवलेला असतो, तो दात कोरायचा नाही की सॅलड घ्यायचा नाही, त्याने तुम्ही तो काप धरायचा, तो कापत असताना हलकेच आपल्याकडे ओढायचा आणि सुटला की ताटात. हाताने धरू नका, काट्याने भोसकू नका, रस जातो. आता गंमत अशी की बाहेरचा काप सगळ्यात जास्त भाजलेला असतो. तो कापला की आतला लालसर भाग उघडा पडतो. दोनतीन टेबलं झाली की सळई परत भट्टीत जाते, परत मीठ लागतं, परत बाहेरून भाजते, परत येते. म्हणजे एकाच सळईवर जास्त भाजलेलं आणि कमी भाजलेलं दोन्ही असतं, तुम्ही कुठल्या बाजूचं मागता एवढाच प्रश्न. पूर्ण भाजलेलं हवं असेल तर सळई नुकतीच बाहेर आलीय तेव्हा बाहेरचा, कडेचा काप मागा. लालसर हवं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या टेबलानंतर आतला. बोलायला तीन शब्द पुरतात, ‘मल पसादू’ कमी भाजलेलं, ‘आओ पोंतू’ मधलं, ‘बें पसादू’ पूर्ण. आणि बोट दाखवलं तरी चालतं, तो काही रागावत नाही, उलट जो माणूस बघून मागतो त्याच्याकडे तो परत परत येतो असा माझा अनुभव आहे.

बीपीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, बाहेरच्या कापात मीठ जास्त, आतल्यात कमी.

एका वेळी एकच काप. तो संपल्याशिवाय दुसरा नाही. चरबीचा थर काढून टाकायचा असेल तर टाका पण निदान पहिला घास चरबीसकट खा, सगळी चव तिथंच मुरलेली असते.

पिकान्याच्या खालोखाल मी फ्राल्जीन्या मागतो. पोटाकडचा भाग, लांब धागे, चरबी थोडी, रस भरपूर, आणि पिकान्यासाठी मारामारी चाललेली असते तेव्हा ती बिचारी कोणी न विचारता फिरत असते. आल्कात्रा साधी, भरवशाची. मामीन्या मऊ असते पण चटकन कोरडी पडते. फिले मिन्योंवर लोक उड्या टाकतात, नावाला आणि किमतीला भुलून, मला तो रोडीझिओत फुकट गेलेला कट वाटतो, मऊ आहे पण चव नाही, म्हणूनच तर त्याला बेकन गुंडाळतात. कोस्तेला म्हणजे बीफच्या फासळ्या, कित्येक तास मंद आगीवर भाजलेल्या, चांगल्या ठिकाणी हाडावरून चमच्याने सुटतात. ती बहुतेक वेळा सळईवर न येता गाडीवर किंवा मोठ्या ताटात येते, दिसली की हात वर करा.

आणि कुपीं. हा प्रकार मला वाटतं भारतीय माणसाला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा आहे. कुपीं म्हणजे बैलाचं वशिंड. युरोपियन गुरांना वशिंड नसतं, ते असतं आपल्या गुरांना, आणि ब्राझीलमध्ये ही गुरं गेली ती भारतातूनच. आंध्रातली ओंगोल जात तिथं नेल्लोरवरून नेलोरे म्हणून ओळखली जाते आणि आज ब्राझीलमधलं मांसासाठी पाळलेलं सगळ्यात मोठं खिल्लार याच रक्ताचं आहे. गुजरातची गीरही तिथं गेली, ती मुख्यतः दुधासाठी. उष्णता आणि गोचीड सहन करणारी जनावरं म्हणून तिथल्या पशुपालकांनी ती नेली. वशिंडाचं मांस चिवट आणि आतून बाहेरून चरबीने विणलेलं असतं म्हणून आधी गुंडाळून तासन्‌तास शिजवतात आणि मग सळईवर वरून खरपूस करतात. जे बीफ खातात त्यांनी एक काप घ्यावा, एकच, फार जड असतो. अमेरिकेत सहसा मिळत नाही. आणि जे खात नाहीत त्यांनी नाव लक्षात ठेवावं, कारण ताटात आल्यावर ओळखू येत नाही.

बीफ खात नसाल तर, आणि शाकाहारी असाल तर

आपल्यातले निम्मे लोक इथंच अडतात तेव्हा स्पष्ट लिहितो. ‘कार्नी’ म्हणजे मांस, पण ब्राझीलमध्ये ‘कार्नी’ म्हटलं की बोलताना त्यांच्या डोक्यात बीफ असतं. ‘सें कार्नी’ (मांसाशिवाय) म्हणून मागवलेल्या पदार्थात चिकन किंवा हॅम आरामात निघू शकतं आणि त्यांना त्यात काही चुकलं असं वाटतही नाही. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा. बॉई म्हणजे बीफ, पोर्कू म्हणजे डुक्कर, फ्रांगू चिकन, कोर्देरू लॅम्ब, पेशी मासा, प्रेझुंतू हॅम. सळई समोर आली की मान डोलवायच्या आधी नाव विचारायचं, दर वेळी, लाज न बाळगता.

पोर्क चालत असेल तर लोंबू म्हणजे पोर्क लॉईन, वर पार्मेजान चीजचा थर देऊन भाजलेली, छान असते, फक्त ताजी आली तरच. लॅम्ब बऱ्याच ठिकाणी असतं. चिकनमध्ये लक्ष ठेवायचं ते बेकनवर. पासादोर एका सळईनंतर दुसरी उचलतो तेव्हा सुरी तीच असू शकते, आणि भट्टीत सळया एकीवर एक अशा रांगांत असतात म्हणजे वरच्या बीफची चरबी खालच्या चिकनवर ठिबकायची शक्यता आहेच. हे ज्यांना चालत नाही त्यांनी वेटरला सांगून चिकन किंवा मासा किचनमधून वेगळ्या प्लेटमध्ये मागवावा, अमेरिकेत तर हे सहज करून देतात.

शाकाहाऱ्यांना फक्त सॅलड बारचा वेगळा, कमी दर बऱ्याच ठिकाणी असतो, आधी विचारा, कारण कोणी आपणहून सांगत नाही. पण तिथंही जपून. काळ्या घेवड्याची उसळ दिसेल ती बहुतेक वेळा पोर्क किंवा बेकन घालून केलेली असते, फारोफातही बेकनचे तुकडे असतात, फेजोआदा, म्हणजे त्याच घेवड्याचं दाट कालवण, तर डुकराच्या मांसाचीच, ब्राझीलमध्ये बुधवारी आणि शनिवारी हमखास. सळईवरचं शाकाहारी मात्र एक भारी आहे, केजू कोआल्यू, न वितळणारं चीज, बाहेरून तपकिरी झालेलं, ते खास मागून घ्या. तरी प्रामाणिक मत विचाराल तर बीफ आणि पोर्क दोन्ही न खाणाऱ्याने पूर्ण दराचं रात्रीचं रोडीझिओ घेऊ नये, तेवढ्या पैशात दोनदा चांगलं जेवण होतं. ग्रुपबरोबर जावंच लागलं तर गोष्ट वेगळी.

मध्ये थांबा

अर्ध्या-पाऊण तासाने चकती लाल करा आणि खरंच थांबा. गप्पा मारा. पोट भरल्याचं कळायला वेळ लागतो आणि इथं त्या वेळात पाचसहा काप जाऊ शकतात. याच टप्प्याला अननस मागा, आबाकाशी, दालचिनी-साखर लावून अख्खा सळईवर भाजलेला, तो गरम गरम कापून देतात. लोक तो डेझर्ट समजून शेवटी खातात, पण तो मध्ये खाल्ला की तोंड स्वच्छ होतं आणि दुसऱ्या फेरीला भूक जागी होते. मग फक्त आवडलेले दोन प्रकार परत, नवीन काही नाही.

उरलेलं घरी बांधून मिळत नाही, तेव्हा ताटात जास्त घेऊन ठेवू नका.

गोड, कॉफी आणि बिल

गोड वेगळं बिलात लागतं आणि खरं तर गरज नसते. घ्यायचंच तर पपईचं क्रीम घ्या, पपई आणि व्हॅनिला आइस्क्रीम एकत्र फिरवून वर काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिसच्या फळाचं लिकर ओततात, ब्राझीलमध्ये शुहास्कारियात हे ठरलेलंच. एक मागवून चौघांत. लिकर आहे हे मुलांना देण्याआधी लक्षात घ्या. मुलांवरून आठवलं, लहान मुलं बऱ्याच ठिकाणी फुकट आणि त्यापुढे ठरावीक वयापर्यंत अर्धे पैसे, बसतानाच वय सांगून खात्री करा.

ब्राझीलमध्ये बिल मागितल्याशिवाय येत नाही, ‘आ काँता’ म्हणा. त्यात खाली 10 टक्के सर्व्हिस धरलेली असते, कायद्याने ती ऐच्छिक आहे पण सगळे देतात, त्यावर वेगळी टिप ठेवायची पद्धत नाही. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असेल तर त्याचे माणशी थोडे पैसे वेगळे लागलेले दिसतील. ड्रिंक्स मोजून घ्या, मोठ्या टेबलावर एखादी काइपिरिन्या इकडची तिकडे होतेच. कार्डचं मशिन टेबलावर आणतात आणि क्रेडिट की डेबिट विचारतात, भारतातलं किंवा अमेरिकेतलं कार्ड असेल तर ‘क्रेजितू’ सांगा.

अमेरिकेत उलटं, टिप 18 ते 20 टक्के तुम्हीच घालायची असते आणि ती पासादोर लोकांचंही काम धरून असते, तेव्हा ‘बफे तर आहे’ म्हणून कमी ठेवू नका. पण सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, बऱ्याचदा बिलात आधीच लावलेली असते आणि तरी खाली टिपची रिकामी ओळ असतेच, सही करायच्या आधी बिल वरपासून खालपर्यंत वाचा, नाहीतर दोनदा जाईल.